साळूबाईची पिवळी ओळ

शेतातून परत आली की साळूबाई उंबऱ्याच्या अलीकडे थांबायची. डोईवरचं गाठोडं ओट्यावर ठेवायची, कमरेला खोचलेली ओटी सोडायची आणि पदर, निऱ्या, काठ असं सगळं लुगडं अंगणात झटकायची. मग वाकून पायांच्या बोटांमधूनही बघायची. सरकीचा एखादा दाणा कुठे चिकटलेला सापडला, तर तो उचलून दाराजवळच्या गाडग्यात टाकायची आणि मगच पाऊल आत. त्या गाडग्यातली सरकी म्हशीच्या आंबोणात जायची. पेरणीत कधीच नाही. अंगात ताप असो की दारात पाहुणे खोळंबलेले असोत, हे चुकत नसे.

"एका दाण्यानं काय जातंय गं, साळूबाई?" शेजारणी हसायच्या.

"जातंय ते एकानंच जातंय, बाई," ती म्हणायची आणि पदर पुन्हा एकदा झटकायची.

तिचं माहेर राजूरचं, गणपतीच्या देवळामागच्या आळीतलं. बाप कापूस पिकवायचा, आणि पोरगी पोळी लाटायला शिकली त्याच्या आधी तिला त्यानं कापूस ताणायला शिकवलं होतं. बोंडातला चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही चिमटींत धरून सावकाश ओढायचा, सुटलेली टोकं जुळवायची, पुन्हा ओढायचा. शेवटी बोटांत जो धागा उरतो त्याची लांबी आणि मऊपणा म्हणजे त्या कापसाचं कुळ. लग्न होऊन ती कुंभार पिंपळगावला कारभारीच्या घरी आली, तेव्हा नव्या नवरीनं सगळ्यात आधी काय पाहिलं असेल, तर परसात पसरलेला कापूस. तिनं गुपचूप एक चिमूट ताणून पाहिली. धागा लांब होता, रेशमासारखा बोटांना लागत होता. घर बरं मिळालं, असं तिला वाटलं.

पिंपळगावचा कापूस तेव्हा नावाजलेला होता. पिवळ्या फुलाचा, गावरान. जालन्याच्या मोंढ्यात, कापसाच्या बाजारात, गावाचं नाव सांगितलं की गाडीला वाट मिळायची. पण साळूबाईच्या डोळ्यांदेखत, वर्षागणिक, त्या पिवळ्या रानात पांढरी फुलं डोकवायला लागली. पांढऱ्या फुलाच्या झाडाला कापूस जास्त निघायचा, पण राठ. गोधडीत भरायला ठीक, धागा काढायला नाही. ही झाडं दिसायची, डोळ्यांना खुपायची, तरी गावातलं कुणी उपटत नव्हतं. कारण पांढरं फूल महादेवाचं. गावाबाहेर ओढ्याकाठी महादेवाचं देऊळ होतं, आणि वाडवडलांपासूनचा नेम असा की रानात पांढरं फूल आलं तर पहिलं फूल पिंडीला वाहायचं आणि त्या झाडाला विळा लावायचा नाही, खुरपं लावायचं नाही. झाड आपलं देवाच्या नावानं उभं. त्याची बोंडं मात्र इतरांबरोबर ओटीत पडायची, आणि त्याची सरकी पुढच्या पेरणीत.

नंदा चार-पाच वर्षांची होती, त्या साली साळूबाई कापसाच्या गाडीत बसून जालन्याला गेली. अंबडला एक मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात गाड्यांची रांग लागली, आणि रांगेच्या तोंडाशी एका बाजेवर पाशामियाँ बसलेले. ते व्यापारी नव्हते; व्यापाऱ्यांचे पारखी होते. कापूस बोटांत धरून ते एक शब्द बोलायचे आणि गाडी कुठल्या ढिगाकडे जायची ते त्या शब्दानं ठरायचं.

त्यांनी कारभारीच्या गाडीतला कापूस चिमटीत घेतला. ताणला, जुळवला, पुन्हा ताणला. साळूबाई वरून बघत होती. ती रीत तिच्या बापाचीच होती.

"मिलावट," पाशामियाँ म्हणाले. त्यांचा आवाज मुळातच मोठा होता.

"न्हाई हो, पाशाभाई. एकाच रानातला माल हाये. माझ्या हातानं भरला."

"रान एक होगा. माल एक नही." त्यांनी बोटांतला पुंजका कारभारीच्या तळव्यावर ठेवला. "लंबा धागा बी हाये, अन् आखूड बी हाये. हात काय झूट बोलतो का? कोणीतरी कालवलं. तू न्हाई तर तुझ्या घरच्यानं."

मागच्या गाडीवाल्यांपैकी कुणीतरी हसलं. कारभारीनं तळव्यावरच्या पुंजक्याकडे पाहिलं, मुठीत धरला आणि बैल वळवले. राठ मालाच्या ढिगापाशी त्यांची गाडी रिकामी झाली. परतताना अंबडला त्यानं भाकरी सोडली नाही. घरी आल्यावर मुंडासं खुंटीला अडकवलं, आणि त्यानंतर तो मोंढ्यात गेला नाही. गाडी धाकटा भाऊ न्यायचा. कारभारी बांधावर बसून राहायचा. तो बोलायचा कमी आधीपासूनच. आता कुणी 'काय कारभारी' म्हटलं तरी मान हलवायचा तेवढीच.

शब्द गाडीबरोबर गावात आला होता. साळूबाईची थोरली जाऊ तुळजाबाई, जिभेची तिखट. एकदा आडावर नंदाचं तोंड धुताना साळूबाईला ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "कापसात मिलावट, मंग लेकीत काहून नसंल? माय काळ्या डोळ्याची, बाप काळ्या डोळ्याचा, अन् पोरगी बघा, मांजरीवानी घारी."

बाया हसल्या. साळूबाईनं भरलेली घागर कमरेवर घेतली. पाणी हिंदकळलं, पण सांडलं नाही. आडापासून घरापर्यंत तिनं एकच ठरवलं. हा शब्द आपल्या घरात आला तो कापसातून आला. तो जाईल तोही कापसातूनच जाईल, आणि ज्या तोंडातून आला त्याच तोंडानं जाईल.

गुलाम नबी त्याच्या पुढच्या हंगामात गावात आले. सरकारच्या जिराअत खात्याचे, म्हणजे शेतकी खात्याचे, कामदार, परभणीकडच्या फार्मावर शिकून आलेले, सायकलीच्या दांडीला कापडी पिशवी. चावडीपुढे लोक जमवून त्यांनी सांगितलं की पांढऱ्या फुलाची सगळी झाडं उपटून टाका, त्यांनीच तुमचा माल बिघडवलाय. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग देवळाचा गुरव पुंजाराम म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगता ते बराबर. पण झाड महादेवाचं हाये. त्याचं तुम्ही त्यालाच इचारा." लोक हसत पांगले.

गुलाम नबी सायकल हातात धरून ओढ्याच्या वाटेनं निघाले तर बांधावर साळूबाई उभी.

"भाऊ, झाड उपटायचं न्हाई. पण फूल उमलूच दिलं न्हाई तर?"

त्यांनी सायकल थांबवली. "म्हणजे?"

"कळी असतानाच खुडायची. पांढऱ्या झाडाची हर एक कळी. झाड उभं राहील. पण मधमाशी त्याचं काही नेणार न्हाई, अन् त्याचं बोंड बी लागणार न्हाई."

"कळी बघून कळेल का, कोणती पांढरी?"

"पहिलं फूल उमललं की झाड कळतं. त्याला काडी रोवते. मंग रोज त्याच्याकडं जाते."

गुलाम नबी हसायला लागले. "चालेल, भाभी. बिलकुल चालेल. आम्हाला फार्मावर हे सुचायचं कारणच न्हाई; तिथं महादेव न्हाई ना."

त्या अश्विन-कार्तिकात रोज सकाळी साळूबाई टोपलं घेऊन रानात शिरायची. काडी रोवलेल्या झाडापाशी बसायची, पानं वर करून एकेक कळी खुडायची आणि टोपलं भरलं की थेट देवळात जायची. पहिल्या दिवशी पुंजारामाला कौतुक वाटलं. थोड्या दिवसांनी पिंडी दिसेनाशी झाली.

"अगं साळूबाई, देवाला श्वास तरी घेऊ दे की."

"देवाचंच हाये, पुंजारामबाबा. मी ठेवून घेऊ का?"

खुरपं लागलं नव्हतं, विळा लागला नव्हता, नेम तर मोडला नव्हताच. उलट इतकी भक्ती गावानं पाहिली नव्हती.

साळूबाईला वाटलं, झालं. पांढऱ्याचं एकही बोंड त्या साली ओटीत पडलं नाही. सगळी सरकी पिवळ्या झाडांची. तिनं ती घरच्या लाकडी चरकीवर स्वतः काढली, शेणमातीत घोळली, पेरली. आणि पुढच्या अश्विनात एका सकाळी ती रानात गेली तेव्हा पिवळ्या फुलांमध्ये पांढरी फुलं होती. गेल्या सालापेक्षा कमी, पण होती. स्वच्छ, टवटवीत, जणू काही झालंच नाही.

पांढऱ्याचं बी तिनं पेरलं नव्हतं. मग हे कुठून आलं?

"देवाला कळ्या वाहतात व्हय?" तुळजाबाई म्हणाली. "फूल वाहायचं असतंय. कोपला तो."

कारभारी बऱ्याच दिवसांनी बोलला, आणि बोलला ते असं : "सोड आता. मिलावट आपल्या रानाच्या अंगातच हाये."

गुलाम नबी आले तेव्हा साळूबाईनं त्यांना पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "भाऊ, तुमचं अन् माझं दोघांचं बी चुकलं. पिवळ्याच्या पोटी पांढरं आलं."

ते चावडीच्या दगडावर बसले होते. नंदा मायच्या मागे उभी राहून सायकलीच्या घंटीकडे बघत होती. गुलाम नबींनी तिच्याकडे पाहिलं, मग साळूबाईकडे.

"भाभी, राग मानू नका. हिचे डोळे घारे. तुमचे न्हाईत."

साळूबाईचा चेहरा दगडासारखा झाला. "माझ्या लेकीच्या डोळ्याचं तुम्हाला बी कुणी सांगितलं का?"

"कुणी न्हाई सांगितलं. मला दिसलं. एवढंच सांगा, तुमच्या घरात अजून कोण घारं होतं?"

"सासूबाई घाऱ्या होत्या. माझे मामा घारे."

"बस. आता ऐका." त्यांनी वाटेवरचे दोन खडे उचलले, एक काळा, एक पांढरा, आणि एकावर एक ठेवून मूठ अर्धी मिटली. "हर एका जिवात हर एका गोष्टीचे दोन हिस्से असतात. एक मायकडून, एक बापाकडून. दोन्ही सारखे नसले तर एक वर बसतो, दुसरा खाली झाकून राहतो. मरत न्हाई. विरघळत न्हाई. नुसता दिसत न्हाई. तुमच्या आत घारा हिस्सा झाकून आहे, तो मामांच्या कुळातला. मालकांच्या आत आहे, तो त्यांच्या मायचा. तुम्ही दोघं काळ्या डोळ्यांचे दिसता. पण लेकीला दोघांकडून झाकलेला हिस्सा मिळाला, तर वर बसायला कोणी उरलंच न्हाई. म्हणून घारी. ही तुमच्या दोघांची आहे हे तिच्या डोळ्यांवरून जेवढं कळतं, तेवढं काळ्या डोळ्यांवरून कळलं नसतं."

साळूबाईनं नंदाच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

"मंग पिवळं वर बसतं," ती हळूच म्हणाली.

"पिवळं वर बसतं. पांढरं झाकून राहतं. तुमच्या रानातली काही पिवळी झाडं आतून पिवळीच, काही आतून दोन्ही. बाहेरून सारखी."

"मंग वळखायची कशी?"

"झाडाला बघून न्हाई. त्याच्या लेकरांना बघून."

आणि त्यांनी रीत सांगितली. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी दोऱ्यानं टोकाशी बांधायची, म्हणजे ती उमलणार नाही, मधमाशी आत शिरणार नाही, आणि बोंड लागेल ते त्या झाडाचं स्वतःचंच. प्रत्येक झाडाच्या बांधलेल्या बोंडांचा कापूस वेगळा वेचायचा, वेगळा ठेवायचा, सरकी वेगळी काढायची, आणि पुढच्या साली एका झाडाची सरकी एका ओळीत पेरायची. ज्या झाडाच्या पोटात पांढरं असेल त्याच्या ओळीत चार झाडांमागं एखादं पांढऱ्या फुलाचं निघेलच. ज्या ओळीत एकही निघणार नाही, ती खरी.

चरकीवर काढलेल्या आपल्याच कापसाचा दोरा साळूबाईनं वळला. संध्याकाळी, जनावरं परतायच्या वेळी, ती निवडलेल्या झाडांच्या कळ्या बांधत फिरायची. दोन दिवसांत गावात बातमी : कारभारीच्या बायकोनं रानात दोरे बांधलेत. करणी हाये. तुळजाबाईनं आपली लेकरं त्या बांधावरून जाऊ देणं बंद केलं. वाटेवरच्या बाया पदर तोंडावर घेऊन पलीकडून जायला लागल्या. चावडीवर चारचौघांनी कारभारीला गाठलं आणि विचारलं, तुझी बायको काय करून राह्यली?

तो घरी आला. खुंटीवरचं मुंडासं काढलं, झटकलं, डोक्याला बांधलं. जालन्याहून परतल्यापासून ते तिथेच होतं. मग साळूबाईच्या हातातून दोऱ्याचं रीळ घेतलं आणि ऐन वाटेकडच्या पहिल्या ओळीत शिरला. गाव घरी परतत होतं. गाड्या, गुरं, डोईवर भारे घेतलेल्या बाया. सगळ्यांसमोर कारभारी वाकून एकेक कळी बांधत होता. त्याची जाड बोटं गाठ मारताना चुकत होती, पुन्हा मारत होती.

"काय बांधून राह्यलास रे?" कुणीतरी ओरडून विचारलं.

"कापसाला बाहेरचं लगीन करू देईना झालोय," कारभारी वर न बघता म्हणाला. "त्याला घरातलीच सोयरीक करायची हाये."

वाटेवर हशा पिकला. करणीची गोष्ट त्या हशातच विरली. साळूबाई ओळीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. इतक्या दिवसांनी नवऱ्याला चारचौघांत बोलताना ऐकून तिला पुढची कळी नीट दिसेना.

वेचणीला खरा त्रास झाला. बायांचे हात पिढ्यान्‌पिढ्या एकाच चालीवर चालत होते : दोन्ही हातांनी बोंडं ओढायची, सगळं एका ओटीत. प्रत्येक झाडाचा कापूस वेगळ्या चिंधीत बांधायला सांगितलं तर वेचणाऱ्या बाया म्हणाल्या, हे काम न्हाई, हा खेळ झाला. मग खुणेची झाडं साळूबाईनं एकटीनं वेचली. घरात आढ्यापासून पुरचुंड्या लोंबायला लागल्या, चिंचेच्या झाडाला सुगरणीची घरटी लोंबावीत तशा. चरकीवर एक पुरचुंडी संपली की ती चरकी झाडायची, फुंकायची, बोट फिरवायची. लुगडं झटकायची ती सवय त्या दिवसांतली. पेरणीच्या वेळी सरत्यातून दाणे सोडतानाही प्रत्येक ओळ संपली की तिनं ती पोकळ बांबूची नळी उलटी करून बांधावर आपटली, आणि मगच पुढची पुरचुंडी सोडली.

त्या साली अश्विनातली सकाळ. रात्रीचं दंव पानांवर होतं. साळूबाई, कारभारी आणि मध्ये नंदा. पहिल्या ओळीत पिवळी फुलं, आणि त्यात पांढरी. दुसरीत तसंच. तिसऱ्या ओळीत अर्ध्यापर्यंत सगळं पिवळं, साळूबाईचे पाय जलद झाले, आणि टोकाला एक पांढरं. कारभारी म्हणाला, "असंल पुढं." चौथ्या ओळीत ती सावकाश गेली. पिवळं. पिवळं. प्रत्येक फुलाच्या तळाशी तो गर्द लाल ठिपका आणि वर हळदीसारखी पाकळी. ओळ संपली. ती परत फिरली आणि उलट्या बाजूनं पुन्हा बघत आली. एकही पांढरं नव्हतं.

"माय, ही सगळी पिवळी," नंदा म्हणाली.

साळूबाई ओळीच्या टोकाशी उभी राहिली आणि तिनं त्या ओळीला हात जोडले. अशा ओळी अजून थोड्या निघाल्या. दिवसाआड ती फिरून बघत राहिली. उशिरा उमलणारं एखादं पांढरं दगा देईल अशी भीती शेवटच्या फुलापर्यंत होती.

गुलाम नबींनी एक गोष्ट आणखी सांगितली होती. फूल ही खूण आहे, कापूस नव्हे. धाग्याचे हिस्से वेगळे असतात, ते वेगळे तपासा. म्हणून बोंडं फुटल्यावर साळूबाईनं पिवळ्या ओळींचा कापूस बोटांत ताणला. एक ओळ आरपार पिवळी होती आणि तिचा धागा मात्र राठ. कारभारीला ती टाकवेना. "इतकी मेहनत केली, फूल तर बराबर हाये." साळूबाईनं ती सरकी म्हशीपुढे ओतली. म्हशीनं मोठ्या आनंदानं खाल्ली. ती चौथी ओळ मात्र फुलालाही खरी निघाली आणि धाग्यालाही. तिचा कापूस ताणताना साळूबाईला तिच्या बापाची बोटं आठवली. तिच्या कळ्याही बांधल्याच होत्या. त्या बोंडांची सरकी तिनं वेगळी भरली, पुढच्या साली एका वावरात पेरली, त्याच्या पुढच्या साली सगळ्या रानात. नुसतं पिवळं रान. वाटेवरून जाणारे थांबायचे.

मग ती आणि कारभारी गाडी भरून जालन्याला गेले. धाकट्या भावाला या खेपेला घरी ठेवलं. नंदा आता मोठी झाली होती. ती गाडीत मागे बसली. मोंढा तोच, रांग तशीच, आणि बाजेवर पाशामियाँ. दाढी पांढरी झाली होती.

त्यांनी वरचा पुंजका घेतला. ताणला, जुळवला. मग बाजेवरून उतरले, गाडीत कोपरापर्यंत हात घातला आणि खालून कापूस काढला. तोही ताणला. मग गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन तळातून. तिन्ही पुंजके शेजारीशेजारी तळव्यावर मांडले आणि उन्हात धरले. रांगेतले गाडीवाले माना उंचावून बघायला लागले.

"कोणाचा माल?"

"कुंभार पिंपळगाव. कारभारी."

पाशामियाँनी त्याच्याकडे बघितलं. "तू तोच ना, मुठीत घेऊन गेल्ता?"

"हाव."

"तेव्हा कालवलं कोणी होतं?"

कारभारीनं साळूबाईकडे पाहिलं. ती गाडीवरून उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "कुणीच न्हाई, पाशाभाई. झाडाच्या पोटात होतं. ते पोटातलं कसं येतं ते कळलं, तव्हा काढता आलं. तुमच्या बोटांनी खोटं सांगितलं न्हाई. पण तुम्ही आमच्या घरावर जो शब्द टाकलाय, तो उचला."

मोंढ्यात बाईनं असं बोलायची रीत नव्हती. पाशामियाँनी मान डोलावली, आणि त्यांच्या त्याच मोठ्या आवाजात, शेवटच्या गाडीपर्यंत पोचेल असं म्हणाले, "कुंभार पिंपळगाव, कारभारी. बेमिलावट. सारा माल एका मायचा."

कारभारीनं बैल पुढे घेतले. रांगेतल्या गाड्या बाजूला होत होत्या. नंदा गाडीच्या मागे उभी राहून सगळ्यांकडे बघत होती, आपल्या घाऱ्या डोळ्यांनी, सरळ. परतताना अंबडला तिघांनी भाकरी सोडली. कारभारी जेवताना इतका बोलला की शेवटी साळूबाई म्हणाली, "घास गिळा आधी."

बी मागायला लोक यायला लागले. तुळजाबाईही एक दिवस रिकामं सूप घेऊन आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"वैनी, आमचं बी मिलावटीच्या घरचं," साळूबाई चरकी फिरवत म्हणाली. "चालंल का?"

"चालंल की. मी काय फुकट नेते? दोरे बांधायला येईन."

"करणी होईल."

"होऊ दे. माझ्यावानी तिखट जिभेला करणी लागत न्हाई," तुळजाबाई म्हणाली. दोघी हसल्या, आणि सूप भरलं गेलं. त्या सालापासून कळ्या बांधायला गावातल्या चार-पाच बाया संध्याकाळच्या येऊ लागल्या. पुंजाराम कधी वाटेनं जाताना म्हणायचा, महादेवाला आता कापसाचं फूलच मिळंना. तेव्हा साळूबाईनं देवळाच्या अंगणात पांढऱ्या कण्हेरीचं रोप लावलं.

नंदाचं लग्न झालं तेव्हा ओटीत खणानारळाबरोबर साळूबाईनं त्या चौथ्या ओळीच्या सरकीची मूठ घातली. गावानं ते पाहिलं, आणि नंतर कुंभार पिंपळगावातून जी लेक सासरी गेली तिच्या ओटीत तशी मूठ गेली. गोदाकाठच्या कितीतरी रानांत ते पिवळं गेलं, तिथल्या बायकांना त्याचा उगम ठाऊक नव्हता. नंदाला पहिला मुलगा काळ्या डोळ्यांचा झाला. साळूबाईनं नातू मांडीवर घेतला, उजेडात त्याचे डोळे बघितले आणि हसून म्हणाली, "झाकून बसलाय."

सत्तेचाळीस सालच्या पौषात वेचणी जोरात होती. साळूबाईला छातीचा त्रास सुरू झाला होता. ती अंगणातल्या बाजेवर उन्हाला पडून असायची आणि रानातून येणाऱ्यांची वाट बघायची. नंदा माहेरी आली होती, दिवसभर वेचत होती. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी नंदा परत आली, ओटी भरलेली, मायला औषध द्यायची वेळ झाली म्हणून घाईत. थेट दाराकडे निघाली. बाजेवरून साळूबाईनं मान थोडी उचलली. कारभारी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच बसला होता. तिचं ते शेवटचं बोलणं त्यानंही ऐकलं. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली,

"थांब गं नंदे. ओटी सोड, लुगडं झटक आधी, मंग आत जा."